चाळिशीचा नवा चष्मा आणि बांधावरचे पाऊल



या सदरात आपण बियाणे, खते, औषधफवारणी, जनावरांचा चारा अशा गोष्टींवर बोलत असतो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की साहेब शेती सोडून भलतीकडे निघाले. तसे नाही. शेतात जेवढी अवजारे लागतात त्यांत डोळा हे पहिले अवजार आहे. चाळिशीनंतर या अवजाराला चष्म्याची जोड द्यावी लागते. ती जोड नीट बसली नाही तर काम बिघडते, आणि प्रसंगी पायही मोडतो.

गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज या भागात फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. घरोघरी चष्मे आहेत, पण ते डोळ्यांवर नाहीत. कुणाचा देवळीत आहे, कुणाचा ट्रंकेत आहे, कुणाचा खुंटीवरच्या पिशवीत आहे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाने हौसेने चार-पाच हजारांचा चष्मा करून दिलेला असतो. दूरचे आणि जवळचे एकाच काचेत, मध्ये रेघ नाही, असा तो नव्या तऱ्हेचा चष्मा. आई-वडील तो दोन दिवस लावतात, तिसऱ्या दिवशी काढून ठेवतात. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले: "सायेब, गरगरतंय. पायरी हलती. जमीन वर आल्यावानी वाटती."

हे उत्तर खोटे नाही. तशी जमीन खरोखरच वर आल्यासारखी दिसते. ती का दिसते आणि त्यावर उपाय काय, हे चष्मा देताना कुणी दहा मिनिटे बसून सांगत नाही. ते आज सांगायचे आहे.

चाळिशी म्हणजे काय?

आपल्या भाषेने या चष्म्याला वयाचेच नाव दिले आहे, चाळिशी. डोळ्याच्या बाहुलीमागे एक जिवंत भिंग असते. लहानपणी ते मऊ असते. जवळचे पाहताना ते फुगते आणि दूरचे पाहताना चपटे होते. त्यामुळे पोराला हातातली मुंगीही दिसते आणि डोंगरावरचे झाडही दिसते. वय वाढते तसे हे भिंग कठीण होत जाते, त्याला फुगता येत नाही. चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर पुसट दिसू लागते. माणूस कागद लांब धरू लागतो, आणि पुढे पुढे हातच पुरेनासा होतो.

हा रोग नाही. केस पांढरे होतात तसाच हा वयाचा धर्म आहे. पुष्कळ वाचल्याने तो येत नाही आणि न वाचल्याने टळत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूतही चुकीची आहे. चष्मा लावा वा न लावा, साठीपर्यंत जवळचा नंबर हळूहळू वाढतच जातो. पंचेचाळिशीला एक-सव्वा असलेला नंबर साठीला अडीचच्या आसपास जातो. न लावण्याने वाचत काहीच नाही, काम मात्र बुडते.

कोणते काम बुडते ते पाहा. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल. त्यावर उगवणशक्ती किती, चाचणी कधीची, मुदत कुठवर हे बारीक अक्षरात असते. औषधाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. तो विषाची तीव्रता सांगतो, आणि रंग विनाचष्म्याचाही दिसतो. परंतु दहा लिटर पाण्याला किती मिली, फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचे आणि विषबाधा झाली तर काय करायचे, हे सगळे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असते. ते दिसत नाही म्हणून माणूस टोपणाच्या मापाने अंदाजे औषध ओततो. घरात पाहावे तर तांदूळ निसताना खडा दिसत नाही, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत कळत नाही. बँकेचा मोबाईलवर आलेला आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. हा शेवटचा प्रकार तर आजकाल चांगलाच महागात पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दृष्टीवर एक अहवाल काढला. त्यानुसार जगात ८२ कोटींहून अधिक माणसे केवळ चाळिशीचा योग्य चष्मा नसल्यामुळे जवळचे नीट पाहू शकत नाहीत. आपल्याच देशात आसामच्या चहामळ्यांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चाळिशी ओलांडलेल्या साडेसातशे पत्ती तोडणाऱ्या कामगारांपैकी निम्म्यांना साधे जवळचे चष्मे दिले, निम्म्यांना लगेच दिले नाहीत. चष्मेवाल्यांची रोजची तोडणी इतरांच्या मानाने २१ टक्क्यांहून जास्त वाढली. पन्नाशीच्या पुढच्या कामगारांत हा फरक ३० टक्क्यांच्याही वर गेला. चहाची पत्ती आणि कपाशीचे बोंड सारखे नाही हे खरे. पण किलोवर मजुरी घेऊन कापूस वेचणाऱ्या आपल्या बायाबापड्यांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

बांधाचा चष्मा आणि उताराचा चष्मा

दूरचा नंबर आणि जवळचा नंबर वेगवेगळा असला की दोन चष्मे लागतात. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांना प्रवासात सारखे चष्मे बदलण्याचा कंटाळा आला. त्यांनी दोन्ही काचा मधोमध कापवून एकाच चौकटीत बसवून घेतल्या, वर दूरची आणि खाली जवळची. १७८५ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही युक्ती सांगितली आहे. आपण ज्याला बायफोकल म्हणतो तो हा चष्मा. त्यात मध्ये रेघ दिसते. शेताच्या भाषेत सांगायचे तर ही दोन वावरे आहेत आणि मध्ये बांध आहे. बांधाच्या वर दूरचे, बांधाच्या खाली जवळचे. कुठे काय आहे हे स्पष्ट कळते, म्हणून जुन्या माणसांना तो सोपा जातो. मात्र हात लांब केल्यावरच्या अंतराचे, म्हणजे दोन-तीन फुटांवरचे, दोन्ही भागांतून धड दिसत नाही.

१९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ या अभियंत्याच्या खटपटीने नवी काच बाजारात आली. तिच्यात बांध नाही. वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो, जशी डोंगराकडची जमीन ओढ्याकडे उतरत येते. वर दूरचे, मध्ये हातभर अंतराचे, खाली वाचण्याचे. हिला प्रोग्रेसिव्ह किंवा मल्टिफोकल म्हणतात. पुण्याहून येणारा तो चष्मा हाच.

आता या उतारात एक खोड आहे. नुसत्या मधल्या अरुंद पट्ट्यातूनच स्वच्छ दिसते. खालच्या दोन्ही बाजूंना, नाकाकडे आणि कानाकडे, पुसट आणि थोडे वाकडे दिसते. काच घडवण्याच्या गणितातूनच ही कड येते. कितीही महाग काच घेतली तरी ती पूर्ण जात नाही. महाग काचेत मधला पट्टा थोडा रुंद मिळतो, इतकेच. म्हणून कुणी "याला कडेचा त्रास अजिबात नाही" असे सांगून दहा हजार मागू लागला तर जरा थांबावे.

घेण्याआधी

जमिनीचा मगदूर पाहून आपण बी निवडतो, तसाच कामाचा मगदूर पाहून चष्मा निवडावा.

ज्यांचे दूरचे स्वच्छ आहे आणि फक्त वाचताना, निसताना, शिवताना अडते, त्यांना साधा जवळचा चष्मा पुरतो. तो स्वस्तात होतो. बाजारात तयार मिळणारा चष्माही दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर चालतो. पण निदान एकदा डोळे तपासल्याशिवाय तो घेऊ नये, कारण दोन डोळ्यांत फरक असला की डोके दुखू लागते.

ज्यांना दूरचा आणि जवळचा दोन्ही नंबर आहे, आणि दिवसभरात शंभर वेळा दूर-जवळ पाहावे लागते, अशा दुकानदार, शिक्षक, ग्रामसेवक, गटसचिव यांना नव्या तऱ्हेचा चष्मा सोयीचा. मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर तो घेतला. बैठकीत समोरच्या फळ्यावरचा तक्ता आणि मांडीवरची वही एकाच चष्म्यातून दिसते.

हा चष्मा घेताना तीन गोष्टींचा आग्रह धरावा. एक, चौकट आपल्या नाकावर बसवूनच माप घ्यायला लावावे. दोन बाहुल्यांमधले अंतर आणि बाहुली काचेच्या कोणत्या उंचीवर येते, ही दोन्ही मापे हवीत. उंची दोन मिलिमीटरने चुकली तरी वाचायचा भाग भलतीकडे जातो. दोन, चौकट फार बुटकी घेऊ नये. उतार बसायला काचेला वरून खाली पुरेशी जागा लागते. तीन, नाकावर घट्ट बसते ना ते पाहावे. चौकट घसरली की सगळा उतार खाली घसरतो. आपल्याकडच्या उन्हात घामाने ती घसरणारच, म्हणून मागून दोरी लावून घ्यावी.

नुसता मोबाईलवर फोटो पाठवून, किंवा वडिलांचा नंबर सांगून मुलाने परस्पर करून आणलेला चष्मा बहुधा देवळीतच जातो. माणूस दुकानात नेऊन बसवला पाहिजे.

पहिले पंधरा दिवस

नव्याचे नऊ दिवस असे आपण म्हणतो. या चष्म्याचे उलटे आहे. नऊ दिवस त्रासाचे आणि मग सुखाचे. नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी आपण तिफणीला जुंपत नाही. आधी मोकळे जू, मग हलके ओझे, मग काम. डोळा आणि मेंदू यांनाही तसेच शिकवावे लागते.

पहिला दिवस सकाळी सुरू करावा, डोळे ताजे असताना. घरात बाजेवर किंवा ओट्यावर बसून लावावा. आधी लांबचे झाड पाहावे, मग दारातली माणसे, मग हातातले वर्तमानपत्र. ही तीन अंतरे पुन्हा पुन्हा पाहावीत. दहा मिनिटांत डोळ्यांना वाट सापडू लागते.

सर्वांत मोठा धडा हा की डोळे फिरवू नयेत, मान फिरवावी. आपली सवय अशी की मान तशीच ठेवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाजूचे पाहायचे. या चष्म्यात कोपरा पुसट आहे. म्हणून ज्या वस्तूकडे पाहायचे तिच्याकडे नाक न्यावे. नाक जिकडे, नजर तिकडे, एवढे सूत्र पाठ केले तरी निम्मा त्रास जातो.

वाचताना मान ताठ ठेवून फक्त नजर खाली न्यावी. पुसट दिसले तर हनुवटी किंचित वर-खाली करून स्वच्छ जागा शोधावी. कागद समोर छातीच्या उंचीवर धरावा. बाजेवर पडून वाचायची सवय असेल तर ती या चष्म्याशी जमत नाही, उठून बसावे.

डोक्याच्या उंचीवरचे जवळचे काही पाहायचे असले की अडचण येते, कारण वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला आहे. मोटारीच्या पेटीवरचा आकडा, फळीवरच्या डब्याची चिठ्ठी, वाढलेल्या तुरीच्या शेंगेवरची अळी. अशा वेळी हनुवटी चांगली वर करावी लागते. कपाशीच्या पानाखालचे तुडतुडे मोजताना मी पान तोडून छातीशी धरतो आणि मग पाहतो. रोपावरच वाकून पाहण्यापेक्षा ते सोपे जाते.

जुना चष्मा मध्येच लावू नये. सकाळी नवा आणि दुपारी जुना असे केले की मेंदूला दोन रस्ते होतात आणि एकही पाठ होत नाही. पहिले तीन-चार दिवस डोके जड वाटले तर तासभर काढून ठेवावा, पण पुन्हा नवाच लावावा. या दिवसांत मोटारसायकल चालवू नये, शिडीवर चढू नये, माळवदाचा जिना एकट्याने उतरू नये.

बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत हा चष्मा अंगवळणी पडतो. पंधरा दिवस नेटाने लावूनही सरळ समोरचे पुसट दिसत असेल, वाचायला मान फार वाकडी करावी लागत असेल किंवा डोके दुखायचे थांबत नसेल, तर दोष आपल्या वयाचा नाही. माप किंवा नंबर चुकला असण्याचा संभव आहे. चष्मा घेऊन सरळ दुकानात जावे आणि तपासून मागावे. पैसे मोजले आहेत, लाजण्याचे कारण नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी महिनाभर डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी दुसरीकडे मोजले तेव्हा काचेतली उंची चुकलेली निघाली. काच बदलल्यावर चार दिवसांत ते गावभर मिरवू लागले.

पाऊल जपा

आता मुख्य गोष्ट. चष्मा अंगवळणी पडल्यावरही एक धोका उरतो, आणि तो आपल्या शेतकऱ्यांना शहरातल्या माणसापेक्षा जास्त आहे.

चालताना आपण पायापुढची जमीन पाहतो. ती जमीन डोळ्यापासून पाच-सहा फुटांवर असते. पण नजर खाली गेली की ती काचेच्या खालच्या भागातून जाते, आणि तो भाग दीड फुटावरचे वाचण्यासाठी केलेला आहे. म्हणून पायरीची कड पुसते, जमीन वर आल्यासारखी वाटते आणि पाऊल चुकते. ऑस्ट्रेलियात २००२ साली वयस्क माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे चष्मे लावणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण साधा चष्मा लावणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. बायफोकलवालेही त्यात होते, म्हणजे बांधाचा चष्मा या बाबतीत निर्दोष नाही.

सिडनीच्या फरशीवरून पडणे वेगळे आणि आपल्याकडे पडणे वेगळे. आपल्याकडे जुन्या बारवांच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. विहिरीला कठडा नसतो. उसाच्या सरीत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. वीज रात्री येते म्हणून साठीचा माणूस बॅटरी घेऊन काळोखात मोटार चालू करायला जातो. अंधारात डोळ्याला आधीच कमी दिसते, त्यात खालची काच फसवते. वयस्क माणसाचे खुब्याचे हाड मोडले की ऑपरेशनचा खर्च, महिनोन्महिने खाट, आणि सुगी हातची जाते.

एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले, "मग सायेब, लावावा का काढावा? तुमी दोनी बी सांगताव."

मी म्हणालो, "नाना, पेरणीला तिफण आणि खुरपणीला खुरपं. एकाच अवजाराने दोन्ही करता का?"

"न्हाई."

"मग चष्म्याचंही तसंच समजा."

म्हणजे असे. रानात हिंडताना, विहिरीवर, शिडीवर, जिन्यावर, रात्रीच्या पाण्याला जाताना फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा लावावा. सबंध काच एकाच नंबरची असली की पायापुढचे स्वच्छ दिसते. दूरचा नंबरच नसेल तर या कामांना मोकळ्या डोळ्यांनी जावे आणि जवळचा साधा चष्मा दोरीने गळ्यात ठेवावा. लेबल वाचायचे, अळी पाहायची, की लावला, पाहिले आणि खाली सोडला. ही तजवीज सर्वांत स्वस्त आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनीही शेतात साधा दूरचा चष्माच ठेवावा. मागे वळून खाली रोटाव्हेटरकडे पाहताना नजर नेमकी काचेच्या पुसट कोपऱ्यातून जाते. नवा मल्टिफोकल घरी, बाजारात, बँकेत, तहसिलात आणि लग्नकार्यात वापरावा.

ही युक्ती पारखलेली आहे. सिडनीच्या भागातच सहाशेहून अधिक वयस्क माणसांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. बाहेर पडताना लावायला त्यांतल्या निम्म्यांना साधा दूरचा चष्मा जादा दिला. जे नेहमी बाहेर हिंडत-फिरत होते, त्यांच्या पडण्याचे प्रमाण चांगलेच घटले. पण जे फारसे घराबाहेर पडत नव्हते, त्यांच्यात बाहेर पडण्याचे अपघात उलट वाढले. म्हणून हिंडत्या-फिरत्या शेतकऱ्याने दोन चष्मे ठेवावेत. घरातच वावरणाऱ्या थकलेल्या आजी-आजोबांची मात्र सारखी अदलाबदल करू नये. त्यांना जो सवयीचा आहे तोच राहू द्यावा आणि चालताना हात द्यावा.

मल्टिफोकल लावून जिना उतरावाच लागला तर हनुवटी छातीकडे आणून काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहावी, एक हात भिंतीला किंवा कठड्याला ठेवावा. घरातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा बोटभर पट्टा ओढावा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्याचा उपयोग चष्मा नसलेल्यांनाही होतो.

दोष चष्म्याचा की डोळ्याचा?

काही वेळा चष्म्याला नावे ठेवतो, पण दुखणे आत असते. नंबर महिन्या-दोन महिन्यांत खाली-वर होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह हाताबाहेर गेला की नंबर बदलत राहतो. अशा वेळी साखर आटोक्यात आल्यावरच चष्मा करावा, नाहीतर पैसे वाया जातात. उन्हात फार दिपत असेल, धुरकट दिसत असेल, किंवा म्हातारपणी अचानक विनाचष्म्याने वाचता येऊ लागले, तर ते मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. दृष्टी परत आली म्हणून आनंद मानू नये. काचबिंदू तर गुपचूप येतो आणि गेलेली नजर परत देत नाही. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचा दाबही मोजून घ्यावा. आणि एकाएकी नजर गेली, डोळ्यापुढे पडदा आला, विजा चमकल्यासारख्या दिसल्या, तर बाजारच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

त्यासाठी फार लांब जायला नको. बीडला जिल्हा रुग्णालय आहे आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ सालापासून चालू आहे. त्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर वृद्धांना जवळचा चष्मा देण्याचीही सोय आहे. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तिच्यात ६५ वर्षांपुढच्या गरजू व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. सध्या अर्ज घेतात का, हे समाज कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे.

निगा

आपल्याकडची धूळ ही काचेची वैरीण आहे. धोतराच्या सोग्याने किंवा पदराने कोरडी काच पुसली की धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. आजच्या काचा बहुधा प्लास्टिकच्या असतात, त्या लवकर ओरखडतात. आधी पाण्याने धुवावी, मग मऊ सुती कापडाने टिपावी. चष्मा उलटा, काच खाली करून ठेवू नये. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा उन्हात गाडीत ठेवू नये, तापून काचेवरचा मुलामा तडकतो. फवारणी करताना चष्मा म्हणजे संरक्षण असे समजू नये. औषधाचे तुषार बाजूने आत येतात. चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो, तो वापरावा, आणि फवारणीनंतर चष्माही साबणाने धुवावा. उसाचे पाते किंवा भुसा डोळ्यात गेला तर चोळू नये, घरगुती औषध घालू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

शेवटी चार शब्द घरातल्या तरण्या मंडळींना. वडिलांना चष्मा करून दिलात, चांगले केलेत. पण चष्म्याबरोबर पंधरा दिवसही द्या. पहिले काही दिवस संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, काय दिसते, कुठे अडते ते विचारा. ते पायरीवर अडखळले तर हसू नका. "एवढे पैसे घातले आणि लावत नाहीत" असे चारचौघांत बोलू नका. म्हातारी माणसे दिसत नाही असे सांगत नाहीत, हळूहळू काम सोडून देतात. आई निसायचे सूप सुनेकडे सरकवते, वडील पावती न वाचताच सही करतात, आणि आपण समजतो की आता त्यांना आराम हवा आहे. पुष्कळदा त्यांना आराम नको असतो, त्यांना दिसत नसते.

आपल्या घरात कुठे चष्मा पडून असेल तर या रविवारी तो काढा, पाण्याने धुवा आणि ज्याचा आहे त्याला दिवसाउजेडी ओट्यावर बसवून लावायला द्या. पंधरा दिवसांनी जमला की नाही ते मला पत्राने जरूर कळवा. पुढच्या अंकात साठवणीच्या तुरीला कीड लागू नये म्हणून काय करावे ते पाहू. तोवर राम राम.